मोजणी आणि पारख

(हिंगोली येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं नाव मी काल मोबाइलवर शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. फोटो नाही, व्हिडिओ नाही, फेसबुकचं पान नाही. आजच्या हिशेबाने गुरुजींचा प्रभाव शून्य. आणि इथे पाहावं तर सभागृह भरलंय, मागच्या भिंतीला टेकून लोक उभे आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी गुरुजींच्या छड्या खाल्लेल्या असणार. आता चूक कुणाची म्हणायची? हिशेबाची, की तुमच्या हजेरीची?

माझा विषय एवढाच आहे. माणसाची पत मोबाइलवरच्या आकड्यावरून ठरवायची का? फॉलोअर्स किती, व्ह्यूज किती, लाइक्स किती, यावरून कोण मोठा आणि कोण किरकोळ हे ठरवायची जी रीत पडत चालली आहे, तिचं आपण काय करायचं? पाच मुद्दे मांडतो. शेवटी सारांश सांगेन, म्हणजे मधे कुणाचा डोळा लागला तर नुकसान नको.

पहिला मुद्दा. माणसांची उतरंड लावणं हा प्रकार मोबाइलने आणलेला नाही.

पंगतीत कोण कुठे बसणार, पाणवठ्यावर कोण कुठून पाणी भरणार, देवळात कोण कुठवर जाणार, हे आपल्याकडे शतकानुशतकं जन्मावर ठरत आलं. त्यानंतर जमिनीवर ठरलं, आडनावावर ठरलं, कुणाच्या वाड्यावर कुणाची उठबस आहे त्यावर ठरलं. तेव्हा ‘पूर्वी सगळं छान होतं, या मोबाइलनं वाटोळं केलं’ हे रडगाणं मी गाणार नाही. पूर्वी सगळं छान कुणासाठी होतं, हे ज्याचं त्यानं आपल्या आजोबांना विचारावं.

उलट मोबाइलच्या पदरात एक पुण्य घातलंच पाहिजे. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण बघा. घरची गरिबी, आई-वडील लहानपणीच गेले, शिक्षण फारसं नाही. टिकटॉकवर त्याने आपल्या बोलीत, आपल्या ढंगात व्हिडिओ टाकले, आणि पुढे २०२४ साली तो बिग बॉस मराठीचा विजेता झाला. कुठल्या संपादकाने त्याला छापलं असतं? कुठल्या निर्मात्याने दारात उभं केलं असतं? आपली मराठवाड्याची बोली घ्या. पुण्या-मुंबईच्या नाटकात ती वर्षानुवर्षं फक्त गड्याच्या आणि शिपायाच्या तोंडी असायची, लोकांनी हसावं म्हणून. आज आपली पोरं त्याच बोलीत बिनधास्त बोलतात आणि लाखो लोक ऐकतात. हे दार उघडलं, ते बरंच झालं. माझी तक्रार दाराबद्दल नाही. दारातून किती माणसं आत आली ते मोजून त्यावरून आतल्या माणसाची लायकी ठरवणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याबद्दल आहे.

आणि हेही लक्षात घ्या, की ते दार आपल्या मालकीचं नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यात मी जात नाही. पण गावोगावच्या ज्या पोरांनी दोन-तीन वर्षं खपून लाख-लाख फॉलोअर्स जमवले होते, त्यांची ती सगळी जमा दोन-चार दिवसांत गेली. अंगातली कला गेली नव्हती. नक्कल तीच, नाच तोच, विनोद तोच. पत तेवढी शून्यावर आली. दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली पत अशीच असते. वहीचा मालक उठून गेला की आपण कंगाल.

दुसरा मुद्दा. हा आकडा नेमकं मोजतो तरी काय?

अमेरिकेत २००८ साली क्लाउट नावाची एक कंपनी निघाली. तिचा धंदाच हा होता. तुमच्या ट्विटर-फेसबुकवरच्या हालचाली बघायच्या आणि तुम्हाला १ ते १०० मध्ये गुण द्यायचे. हा तुमचा प्रभाव. तुम्ही मागा अगर न मागा. जस्टिन बीबर नावाच्या पोरसवदा गायकाला त्यांनी १०० पैकी १०० दिले होते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष त्याच्या खाली! अणुबॉम्बचं बटण ज्याच्या हाताशी, त्याचा प्रभाव गाणाऱ्या पोराहून कमी. पण हसून सोडून देऊ नका. सॅम फिओरेला नावाचे एक अनुभवी गृहस्थ २०११ साली टोरांटोत मोठ्या पदाच्या मुलाखतीला गेले. त्यांना विचारलं गेलं, तुमचा क्लाउट गुणांक किती? निघाला ३४. नोकरी मिळाली ती ६७ गुणांच्या माणसाला. पंधरा वर्षांचा अनुभव बाजूला राहिला आणि कुणीतरी कुठेतरी लावलेला आकडा पुढे बसला. पुढे २०१८ साली क्लाउट बंद पडलं. ज्यांनी तो गुणांक वाढवायला रात्री जागवल्या, त्यांनी तो कुठे वटवायचा?

हे झालं सातासमुद्रापलीकडचं. आता आपल्या महाराष्ट्रात या. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक. मुंबईतला वर्सोवा मतदारसंघ. एजाज खान हे अभिनेते तिथून उभे होते. त्यांचे इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स साधारण ५६ लाख. निकाल लागला, मतं मिळाली १५५. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणालासुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली.

मी कुणाची टिंगल करायला हे सांगत नाही. निवडणुकीला उभं राहायला धाडस लागतं, आणि त्यांचे सगळे फॉलोअर्स काही वर्सोव्यात राहत नव्हते. पण प्रश्न उरतोच. ५६ लाख आणि १५५ यांच्या मधे कोण उभं आहे? मधे उभी आहे ती कृती. व्हिडिओ बघायला अंगठा पुरतो. मत द्यायला उठावं लागतं, चपला घालाव्या लागतात, रांगेत उभं राहावं लागतं, आणि पाच वर्षं हा माणूस आपल्या गटाराचं, शाळेचं, रेशनचं बघणार आहे का याचा विचार करावा लागतो. मोबाइलवरचा आकडा किती जणांनी पाहिलं एवढंच मोजतो. किती जणांनी विश्वास ठेवला, किती जण अडीनडीला त्या माणसाकडे गेले, किती जण त्याच्या शब्दावर उठून उभे राहिले, हे त्या आकड्यात येत नाही. लक्ष आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर दोन बैल झुंजले तरी गर्दी जमते. म्हणून बैलाला कुणी सरपंच करत नाही.

तिसरा मुद्दा. आकडा लावला की माणूस त्या आकड्यासाठी वाकायला लागतो.

चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये बँकांच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट सांगितली होती, ती पुढे त्याच्या नावाने नियमच झाली. सोप्या मराठीत सांगायचं तर असं, की जे माप गाठायचं लक्ष्य बनतं, ते माप म्हणून कामाचं राहत नाही. शिक्षक मंडळींना हे वेगळं सांगायला नको. निकालाच्या टक्क्यावर शाळेची किंमत ठरायला लागली, तेव्हा परीक्षा केंद्रांच्या खिडक्यांवर काय काय चढलं ते तुम्ही पाहिलंय.

आता हेच माणसांवर लागू झालं. २०१८ साली मध्य प्रदेश काँग्रेसने विधानसभेच्या इच्छुकांना कळवलं, की फेसबुक पानाला १५ हजार लाइक्स आणि ट्विटरवर ५ हजार फॉलोअर्स असले पाहिजेत. काही दिवसांत ती अट मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी भाजपच्या खासदारांनाही फेसबुकवर किमान तीन लाख खरे लाइक्स मिळवा असं सांगण्यात आल्याच्या बातम्या होत्या. त्यातला ‘खरे’ हा शब्द मला फार आवडला. म्हणजे खोटेही असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे तर! ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने धोरणच काढलं. सरकारी योजनांचं कौतुक करणाऱ्यांचे फॉलोअर्सप्रमाणे वर्ग पाडायचे, आणि वरच्या वर्गातल्या यूट्यूबवाल्याला महिन्याला आठ लाखांपर्यंत द्यायचे. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, तिजोरीतला पैसा आता फॉलोअर्स मोजून वाटला जातो, ही गोष्ट नोंदवून ठेवा.

जिथे आकड्याला पैसा मिळतो, तिथे आकडाच विकायला येतो. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी असाच एक धंदा उघडकीला आणला. एका गायिकेच्या नावाने बनावट खातं निघालं होतं, तिने तक्रार केली. तपास करता करता पैसे घेऊन खोटे फॉलोअर्स आणि लाइक्स पुरवणारी दुकानंच समोर आली. जन्माला न आलेली माणसं, त्यांनी न पाहिलेला व्हिडिओ, आणि त्याला दिलेली शाबासकी. आणि ती शाबासकी बघून इकडे खरी माणसं प्रभावित होतात.

पण दूर कशाला जायचं? आपल्या चौकात या. दसऱ्याला आपल्याकडे जत्रा-प्रदर्शनाची जुनी परंपरा, बाहेरगावची माणसं येतात, आणि त्यांना आधी काय दिसतं? फ्लेक्स. वाढदिवसाचे फ्लेक्स. मधे एक मोठा चेहरा, गॉगल लावलेला, खाली तिकिटाएवढे चाळीस चेहरे. ‘फिक्स आमदार’, ‘युवा हृदयसम्राट’, ‘आधारवड’. हा आधारवड चोवीस वर्षांचा! वर्षभर गावाच्या पाण्यासाठी हातात अर्ज घेऊन पंचायत समितीत खेटे घालणाऱ्याचा फ्लेक्स मात्र लागलेला नसतो. कारण त्याच्याकडे फ्लेक्सला पैसा नाही, आणि खरं म्हणजे वेळही नाही. इन्स्टाग्राम हा त्या फ्लेक्सचाच थोरला भाऊ. फरक एवढाच, की फ्लेक्स पावसात फाटतो आणि नगरपालिका कधीतरी काढते तरी.

चौथा मुद्दा छोटा आहे, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. या यादीत कोण नसतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये झालं. १५ ते ४९ वयातल्या बायकांपैकी इंटरनेट कधी तरी वापरलेल्या किती? देशात ३३.३ टक्के. पुरुषांमध्ये ५७.१ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असतील, वाढू देत. पण प्रभावाची यादी तयार करताना पहिल्याच पायरीला निम्म्याहून जास्त बायका गाळल्या गेल्या, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. वसमतकडे हळद काढणीच्या दिवसांत जाऊन बघा. कंद वेचणाऱ्या, शिजवायला नेणाऱ्या, वाळत घालणाऱ्या बहुतेक बायका. त्या हळदीचा व्हिडिओ निघतो, त्यात उभा असतो बाप्या.

आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणगोठा. तिची ऐकणारी मंडळी म्हणजे कोण? जातं. त्या काळात कुणी गुण द्यायला बसलं असतं तर नामदेव शंभराच्या जवळ आणि जनी यादीबाहेर. पण तिच्या ओव्या कुणी जपल्या? पहाटे दळायला बसलेल्या हजारो बायकांनी. एकीने दुसरीला दिल्या, सासूने सुनेला दिल्या. सातशे वर्षं. आपलं व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं. प्रभाव मोजायचा तर काळाचं कुठलं माप घ्यायचं, हे आधी ठरवा की!

आता पाचवा मुद्दा. तुम्ही म्हणाल, सर, आकडा वाईट म्हणता, मग माणूस ओळखायचा कसा? जन्मावरून ओळखायचा नाही, गॉगलवरून ओळखायचा नाही, मग कशावरून?

तुमच्यातले कितीतरी जण हे काम रोज करतात. मोंढ्यात हळदीची थप्पी लागते. पॉलिश केलेली कांडी चमकते. खरेदीदार येतो. तो चमक बघून भाव बोलतो का? नाही. तो मूठभर कांड्या हातात घेतो, एक कांडी मोडतो. मोडताना कसा आवाज येतो ते ऐकतो, म्हणजे ओल किती आहे ते कळतं. मोडलेल्या तोंडाचा रंग उजेडात धरून बघतो, नाकाशी नेतो. मग बोली लावतो. आणि ती बोली चुकली तर खिशातून त्याचेच पैसे जातात. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लोकांनी फोटोला लाइक केलं म्हणून नाही. कुठली माती, कुठलं वाण, काय गुण, याचे पुरावे मांडावे लागतात, हरकती मागवल्या जातात, मग नाव लागतं.

म्हणजे पारखीला तीन गोष्टी लागतात. पारखणाऱ्याला त्या वस्तूचं ज्ञान हवं. वस्तू त्याच्या हातात यायला हवी. आणि पारख चुकली तर त्याला झळ बसायला हवी. मोबाइलवरच्या आकड्यात यातली एक तरी गोष्ट आहे का?

आपल्या मातीत या विषयावरची फार मोठी गोष्ट आहे. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, काका, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मुक्ताई म्हणाली, मग इथे बसलेल्यांतलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा बघू. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांच्या डोक्यावर बसलं, तसे ते रागावले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

विचार करा. नामदेव! नर्सी आपण ज्यांचं जन्मगाव मानतो ते नामदेव. ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष विठ्ठल खातो अशी ख्याती झालेली. कीर्तनाला अलोट गर्दी. त्या मंडळीत सगळ्यात ‘दिसणारा’ माणूस कोण असेल तर नामदेव. आणि नापास झाले तेच. नापास कुणी केलं? कुंभाराने. ज्याचा जन्म मडकी भाजण्यात गेला त्याने. कुठे केलं? समोर बसवून, हात लावून, सगळ्यांच्या देखत. पाठीमागून नाही, नाव लपवून नाही.

आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नामदेव रुसून पंढरीला गेले. विठ्ठलाने समजूत काढली का? ‘लोकांना काय कळतं, तुझी गर्दी केवढी’ असं म्हटलं का? नाही. त्याने त्यांना औंढ्याला पाठवलं, विसोबा खेचरांकडे. इथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे कमी गुण मिळाले, पण त्यासोबत पुढे कुठे शिकायचं तेही कळलं. आज तुम्हाला गुण देणारं यंत्र सांगतं का, की बाबा, तू अमक्याकडे जा, तुझ्यात हे कमी आहे? ते फक्त सांगतं, अजून पोस्ट टाक.

त्याच औंढ्याच्या शिवारात, दुधाळ्याला, आता गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. या लहरी पहिल्यांदा सापडल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. तिथल्या शास्त्रज्ञांची रीत ऐका. एका वेधशाळेला काही दिसलं तर ते सहजासहजी मानत नाहीत. तीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या वेधशाळेलाही तेच दिसलं पाहिजे. २०१० साली तर त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी गुपचूप एक खोटा संकेत यंत्रात सोडला होता, बाकीचे फसतात का ते बघायला. आणि शोध जाहीर झाला त्या निबंधावर हजाराहून जास्त नावं, आडनावाच्या अक्षरक्रमाने. पहिलं नाव ॲबट, कारण इंग्रजी वर्णमालेत ते आधी येतं, बस. शतकातला एवढा मोठा शोध, आणि कोण किती मोठा याची उतरंड लावायची गरज त्यांना भासली नाही. उलट आपल्या हातातल्या मोबाइलवर मोजणारी कंपनी एक, आकडा जाहीर करणारी तीच, आणि त्या आकड्यावर जाहिराती विकणारीही तीच. दुसरी वेधशाळा कुठाय?

तर सारांश असा. एक, उतरंड जुनी आहे, आणि मोबाइलने बंद दारं उघडली हे मान्य करू. दोन, आकडा लक्ष मोजतो, भरवसा मोजत नाही. तीन, आकड्याला पैसा चिकटला की आकडाही विकाऊ होतो आणि माणूसही वाकतो. चार, ज्यांच्या जिवावर घर, शेत, गाव चालतं ते या यादीत नसतात. पाच, मोजायला यंत्र पुरतं, पारखायला जबाबदार माणूस लागतो.

मग करायचं काय? मोबाइल फेकून द्या असं मी म्हणणार नाही, माझ्याही खिशात आहे. पण काही निर्णय तुमच्या हातात आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा बोलावताना फॉलोअर्स विचारू नका. त्याने कुठलं काम किती वर्षं केलं ते विचारा, आणि त्याच्यासोबत काम केलेल्या दोघांना विचारा. दुसरी वेधशाळा तीच. गावात पुरस्कार देता, तेव्हा निवड समितीत त्या कामाचा जाणकार बसवा. निवडणुकीत पक्ष तुमच्याकडे रील पाठवतील. त्यांना सांगा, रील बघितली, आता उमेदवाराला वॉर्डात पाठवा, आम्हाला कांडी मोडून बघायचीय. आणि घरातल्या पोराचे लाइक्स कमी आले म्हणून तो जेवत नसेल, तर त्याला नामदेवांची गोष्ट सांगा. नापास झाले म्हणून ते संपले नाहीत. औंढ्याला आले, शिकले, आणि मग थेट पंजाबात गेले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

आणि ज्यांच्याकडे खरोखरच लोकांचं लक्ष आहे, या सभागृहातही अशी तरुण मंडळी दिसतायत, त्यांना एक विचारतो. ते लक्ष तुम्ही कशासाठी वापरणार? इथेही नामदेवांचंच बघा. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसोबत गाडले गेले. ज्यांना हयातीत देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव स्वतः गेले, असं परंपरा सांगते. त्या अस्थी त्यांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधवली. स्वतःसाठी जागा मागितली ती त्याच महाद्वारातल्या पायरीची, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडतो. ज्याच्या शब्दाला वजन होतं, त्याने ते वजन बिनआवाजाच्या माणसासाठी खर्च केलं. प्रभावाचा हिशेब मागायचाच असेल तर एवढाच मागा: तुमच्यामुळे कुणाला जागा मिळाली?

कुणी असं उत्तर देऊ शकत असेल, तर त्याचे फॉलोअर्स दहा असोत की दहा लाख, पुढच्या वर्षी या व्यासपीठावर त्याला बोलवा. मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकायला येईन.